पेटी बंद होण्यापूर्वी

ज्या प्रदेशात पाण्याचे दुर्भिक्ष आहे, किंवा पाणी मुबलक असूनही ते खारे, गढूळ अथवा वापरानंतर पुन्हा नदीत सोडण्यास अयोग्य ठरत असल्यामुळे त्याचा जमाखर्च परवडत नाही, तेथील तेलशुद्धीकरणाच्या किंवा वायुप्रक्रियेच्या कारखान्यात उंच पोलादी माच्यांवर आडव्या मांडलेल्या नळ्यांच्या लांबलचक जुड्या दृष्टीस पडतात. त्या नळ्यांना ॲल्युमिनियमचे पातळ पंख चढवलेले असतात, त्यांच्या खाली किंवा वर दोन पुरुष व्यासाचे पंखे अहोरात्र घोंगावत असतात, आणि नळ्यांतून वाहणाऱ्या तप्त तेलाची वा वायूची उष्णता वाऱ्यावर सोपवून देण्याचे काम ते सारे मिळून करीत असतात. कारखान्यातील लोक या यंत्राला फिन-फॅन म्हणतात. पंखा सर्वांना दिसतो, ऐकू येतो आणि बिघडला की त्याची तक्रारही ताबडतोब दप्तरी दाखल होते; परंतु या यंत्रातील खरी जोखीम ज्या ठिकाणी एकवटलेली असते ते ठिकाण म्हणजे जुडीच्या दोन्ही टोकांस असलेली पोलादी पेटी, अर्थात हेडर, हे त्या माच्यावर चढून पाहणाऱ्या फार थोड्यांच्या ध्यानात येते.

ही पेटी सामान्यतः सहा प्लेटी जोडून केलेली असते. जिच्यात नळ्यांची टोके बसवतात ती ट्यूबशीट, तिच्या समोरची प्लगशीट, वरची व खालची प्लेट, आणि दोन बाजूंची झाकणे. दाब सहन करणाऱ्या पात्राला वस्तुतः गोल आकार मानवतो, कारण गोल भिंतीत दाबामुळे बव्हंशी केवळ ताण उत्पन्न होतो; चौकोनी पेटीची सपाट भिंत मात्र ताणली जाते तशीच वाकतेही, आणि भिंतीच्या मध्यभागी व कोपऱ्यांत तिला हा दुहेरी भार वाहावा लागतो. तरीही पेटी चौकोनी करण्याचा शिरस्ता पडला तो निरुपायाने. ट्यूबशीट सपाट असल्याखेरीज आणि प्लगशीटमध्ये प्रत्येक नळीच्या बरोबर समोर आटे पाडलेले एकेक भोक असल्याखेरीज नळ्या रोल करून बसवणे, त्या आतून साफ करणे किंवा गळकी नळी ठोकून बंद करणे शक्य होत नाही. या पेटीला बाहेरचा नळमार्ग ज्या तोंडाने येऊन मिळतो ते तोंड म्हणजे नोझल. आणि ते तोंड पेटीला कोणत्या रीतीने जोडावे, हा येथे वादाचा विषय आहे.

रीती मुख्यतः दोन. एकीत प्लेटला नोझलच्या आतील व्यासाएवढेच भोक पाडून नोझल तिच्या पृष्ठावर उभे करतात आणि त्याच्या बुडाशी वेल्ड करतात. तिला सेट-ऑन म्हणतात. दुसरीत नोझलच्या बाहेरील व्यासाएवढे भोक पाडून नोझल प्लेटच्या जाडीत उतरवतात आणि त्या संपूर्ण जाडीभर वेल्ड भरतात, ती सेट-इन. प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे दाबपात्रांच्या तपासणीत गेली असल्यामुळे हा वाद त्याने अनेकदा आणि अनेकांच्या तोंडून ऐकलेला आहे. परंतु तो जितक्या निःशंकपणे एका घरातल्या दोन माणसांनी त्याच्यासमक्ष घातला तितक्या निःशंकपणे कारखानदार आणि गिऱ्हाईक यांच्या बैठकीत तो कधीच घातला जात नाही, कारण तेथे प्रत्येकाला आपल्या शब्दाची किंमत मोजावी लागण्याची धास्ती असते. काकांनी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील फॅब्रिकेशनच्या कारखान्यांत अधीक्षक म्हणून दीर्घकाळ काम केलेले. पुतणी पुण्यातील एका अभिकल्प-कार्यालयात दाबपात्रांची गणिते करणारी. संवाद बराचसा जसा झाला तसा येथे देतो.

काका : तुमच्या कार्यालयाचे ड्रॉइंग मी पाहिले. वरची प्लेट चाळीस मिलिमीटरची, तिच्यात सहा इंची तीन नोझल, आणि तिन्ही सेट-इन. मला एक सांग, ही खाच भरणारा वेल्डर किती धातू ओतणार याचा हिशेब तुझ्या गणितात कोठे येतो का? सहा इंची शेड्यूल ऐंशीच्या नळाची भिंत अकरा मिलिमीटरची. सेट-ऑन केले तर वेल्ड त्या अकरा मिलिमीटरांपुरते. सेट-इन केले तर चाळीस मिलिमीटरांचे. खाचेचे क्षेत्र जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एका बाजूने बेव्हल कापलास तर तेरापट धातू, दोन्ही बाजूंनी कापलास तरी साडेसहापट. आणि हा धातू निवताना आकसतो. तीन ठिकाणी आकसला की तीन मीटर लांबीची प्लेट वाकते, मग ती सरळ करण्यासाठी पुन्हा ज्योत लावा, पुन्हा दाबा, आणि एवढे करून ती ट्यूबशीटशी जुळवायला गेलात की कोठे गॅप दोन मिलिमीटर तर कोठे सहा. तो सहाचा गॅप भरणारा वेल्डर कोणत्या मनःस्थितीत असतो हे तू पाहिलेले नाहीस.

पुतणी : पाहिलेले नाही हे खरे, पण काका, धातू कमी लागतो हा गुण सोयीचा झाला, सामर्थ्याचा नव्हे. प्लेट ही रोलिंग मिलमधून थरांनी दाबून निघालेली वस्तू आहे. तिच्या लांबीत किंवा रुंदीत ओढले तर ती भरवशाची, पण जाडीच्या दिशेने ओढले की तिच्या पोटात पसरलेले मँगनीज सल्फाइडचे पापुद्रे जेथे असतील तेथे ती उलगडते. सेट-ऑन नोझल नेमके याच दिशेने प्लेटला ओढते. नळमार्गाने नोझल वाकवले की एका कडेला प्लेटचा वरचा थर खालच्या थरापासून सोडवण्याचाच तो प्रयत्न असतो. सेट-इनमध्ये तोच भार प्लेटच्या साऱ्या जाडीला कातरबलाच्या रूपाने मिळतो, आणि कापलेल्या कडेवर उघडे पडलेले थर वेल्डखाली झाकले जातात.

काका : पापुद्र्यांची भीती तू मला घालतेस, आणि तुझ्याच ड्रॉइंगात पेटीचे चार कोपरे कसे जोडले आहेत ते विसरतेस! वरची प्लेट ट्यूबशीट आणि प्लगशीट यांच्यामध्ये बसवलेली, तिच्या दोन्ही कडा त्या दोन जाड प्लेटींच्या पृष्ठावर वेल्ड केलेल्या. पेटीत दाब भरला की त्या दोन्ही प्लेटी कोणत्या दिशेने ओढल्या जातात? जाडीच्याच. पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वर आणि खाली, प्रत्येक कोपरा असाच. ते तुला चालते, कारण त्याला पर्याय नाही. मग तीन नोझलांच्या वेळीच एवढा सोवळेपणा कशाला?

येथे पुतणी क्षणभर गप्प राहिली, आणि लेखकाच्या मते तिने गप्प राहणेच योग्य होते, कारण काकांचा हा मुद्दा पुष्कळ अभिकल्पकांना सुचतच नाही. चौकोनी पेटीत जाडीच्या दिशेचा ताण हा अपवाद नसून नियम आहे. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची दाबपात्र-संहिता, जिच्या आठव्या विभागाच्या पहिल्या भागानुसार आपल्याकडील बहुतेक हेडर बांधले जातात, तिला हे ठाऊक आहे; म्हणूनच तेरा मिलिमीटरांहून जाड सपाट प्लेट कोपऱ्याच्या सांध्यात घ्यावयाची असेल तर वेल्ड करण्यापूर्वी तिची तयार केलेली कड चुंबकीय किंवा रंगद्रव्याच्या चाचणीने तपासून पापुद्रा नसल्याची खात्री करून घ्यावी, असा तिचा स्पष्ट दंडक आहे. ही संहिता कोणा पंडिताने निवांतपणे रचलेली नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉकटन गावी 20 मार्च 1905 रोजी जोड्यांच्या कारखान्यातील बॉयलर फुटून 58 माणसे मृत्युमुखी पडली, त्यानंतरच्या लोकक्षोभातून प्रथम त्या राज्याचे नियम आणि मग 1914 सालची पहिली बॉयलर-संहिता निर्माण झाली. तिच्यातील प्रत्येक कलमामागे कोठेतरी कोणाचे तरी नुकसान झालेले आहे असे समजून ती वाचावी, म्हणजे तिचा कंटाळा येत नाही.

पुतणी : कोपऱ्यांचा मुद्दा मान्य. पण त्यावरून निष्कर्ष उलटा निघतो, काका. ज्या पेटीत आधीच एवढे सांधे जाडीच्या दिशेने ताणले जात आहेत, तिच्यात आणखी तीन ठिकाणी तोच प्रकार टाळता येत असताना का वाढवावा?

काका : वाढवू नये असे मी म्हणत नाही, वाढवला तर काय बिघडते ते तपासावे असे म्हणतो. भोक पाडण्यापूर्वी त्या जागेभोवती ध्वनिलहरींनी प्लेट तपासून घे, तुम्ही ज्याला यूटी म्हणता. पापुद्रा असेल तर तो लागलीच दिसतो, कारण तो पृष्ठाला समांतर असतो आणि लहर त्यावरून सरळ परत येते. याहून खात्री हवी असेल तर जाडीच्या दिशेने ओढून परीक्षा केलेली प्लेट विकत घे. युरोपीय मानकाची झेड-35 प्रतीची प्लेट मिळते, जिचा तुकडा त्या दिशेने ओढून तोडला असता तुटण्यापूर्वी त्याच्या छेदाचे क्षेत्र सरासरी पस्तीस टक्क्यांनी तरी आकसलेच पाहिजे. अशा प्लेटला जाडीच्या दिशेची एवढी धास्ती राहत नाही. आणि दुसरे असे की पापुद्रे फाटतात ते बहुधा यंत्र चालू असताना नव्हे, तर वेल्ड निवताना, त्याच्या आकसण्याने. म्हणजे जेथे वेल्ड लहान तेथे फाटण्याचे निमित्तही लहान.

पुतणी : हे सर्व खरे धरले तरी तुम्ही शुद्ध वायूचा विचार करीत आहात. डिझेलमधील गंधक काढण्याच्या संयंत्रातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा कूलर घ्या. त्या प्रवाहात हायड्रोजन असतो, हायड्रोजन सल्फाइड असतो, अमोनिया असतो, आणि तो थंड होताना त्यात पाणी सोडावे लागते, कारण एरवी अमोनियमचे क्षार नळ्यांत गोठून बसतात. त्या पाण्यात अमोनियम बायसल्फाइड विरघळून साध्या पोलादाला खाऊ लागते. प्रवाहाचा वेग सेकंदाला सहा मीटरांपलीकडे जाऊ देऊ नये असा संकेत साध्या पोलादासाठी त्यातूनच पडला. अशा ओल्या गंधकयुक्त माध्यमात पोलादाच्या पृष्ठावर अणुरूप हायड्रोजन सुटतो आणि धातूच्या आत शिरतो. पापुद्र्यापाशी पोहोचला की दोन अणू जुळून रेणू होतो, रेणूला बाहेर पडता येत नाही, आणि पापुद्रा आतून फुगत जातो. सेट-ऑनमध्ये भोकाच्या कडेवर प्लेटचे थर त्या प्रवाहाला उघडेच असतात. यूटीत निर्दोष ठरलेली प्लेटही काही वर्षांनी निर्दोष राहते असे नाही.

काका : हे मला पटते. असल्या कामाला मीही सेट-इनच म्हणेन. पण तुझ्या कार्यालयाने हेच ड्रॉइंग नायट्रोजनच्या आणि वंगणतेलाच्या कूलरलाही लावले आहे, त्याचे काय?

पुतणी : कार्यालयात एक मानक तपशील ठरलेला असतो. प्रत्येक कामाला नवा तपशील काढायचा म्हटला तर गिऱ्हाईकाचा सल्लागार प्रत्येक वेळी नवी हरकत काढतो.

काका : म्हणजे हा फैसला पोलादाने केलेला नसून पत्रव्यवहाराने केलेला आहे.

लेखकाला या वाक्यात काही अन्याय वाटला नाही. संहितेच्या आकृत्यांत सेट-ऑन आणि सेट-इन या दोहोंनाही पूर्ण मुभा आहे; त्यांपैकी एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा भेद ती करीत नाही. भेद करतात ती माणसे, आणि बहुतेक वेळा ज्या कारणासाठी करतात ते कारण ड्रॉइंगवर लिहिलेले नसते. प्लेटवर जाड वलय चढवून मजबुती आणण्याचा, म्हणजे पॅड लावण्याचा, जो तिसरा मार्ग गोल पात्रांवर सर्रास दिसतो तो येथे बाद होतो, कारण अरुंद प्लेटवर त्या वलयाला जागाच नसते. म्हणून येथे मजबुती द्यावयाची ती जाड प्लेटने किंवा जाड भिंतीच्या घडीव नोझलने. बारीकसारीक हवा-निकास आणि पाणी-निकास यांची लहान कपलिंगे कशी जोडावीत हा प्रश्न मामुली समजला जातो. पंख्यांच्या कंपनाने पहिली भेग बहुधा अशाच एखाद्या लहान कपलिंगाच्या बुडाशी पडते, एवढे मात्र वाचकांनी लक्षात ठेवावे.

पुतणी : आता नळमार्गाच्या भाराचे बोलू. वायुशीतकांसाठीचे अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचे 661 क्रमांकाचे मानक प्रत्येक आकाराच्या नोझलने किती बल आणि किती आघूर्ण सोसले पाहिजे याचा तक्ताच देते. सहा इंची नोझलला तीन दिशांनी चार ते पाच हजार न्यूटन बल, म्हणजे सुमारे चारशे ते पाचशे किलो वजनाइतके; शिवाय पिळवटणारे आणि वाकवणारे आघूर्ण वेगळे. आणि हे सर्व, गंजासाठी ठेवलेली जाडी झिजून गेली आहे असे धरून. आता ते अकरा मिलिमीटरांचे तुमचे वेल्ड हे सोसते का, याचा हिशेब मी केला तर उत्तर काठावर येते.

काका : काठावर आले तर नोझलची भिंत जाड घे. भोकाचा हिशेबही करून बघ. तुझ्या पेटीची आतील रुंदी दोनशे मिलिमीटर. सहा इंची नळाचा बाहेरील व्यास एकशे अडुसष्ट. सेट-इनसाठी तेवढे भोक पाडलेस तर दोन्ही बाजूंना प्लेट उरते सोळा-सोळा मिलिमीटर. सेट-ऑनला भोक एकशे शेहेचाळीसचे, म्हणजे दोन्ही बाजूंना सत्तावीस. त्या सोळा मिलिमीटरांत एकीकडून नोझलचा वेल्ड आणि दुसरीकडून कोपऱ्याचा वेल्ड. दोहोंच्या उष्णतेने भाजलेला पट्टा एकमेकांत मिसळतो, मध्ये मूळ प्लेट अशी उरतच नाही. तुझ्या गणितातले पोलाद आणि माझ्या पेटीतले पोलाद ही त्या जागी दोन वेगळी पोलादे असतात.

पुतणी : म्हणून तर संपूर्ण पेटी भट्टीत घालावी लागते. साध्या पोलादाच्या हेडरला वेल्डोत्तर उष्णोपचार या मानकाने बंधनकारकच केला आहे.

काका : आणि तेथेच खरे पाणी मुरते! आता ऐक. पेटी प्लग-हेडर जातीची. नळी एक इंची असली तर समोरचे प्लगचे भोक सव्वा इंचाहूनही कमी. पेटी एकदा बंद झाली की आत हात जात नाही, आरसा घातला तर प्रकाश जात नाही. तुझे सेट-इन नोझल दोन्ही बाजूंनी वेल्ड करायचे, आतल्या बाजूने रूट, म्हणजे वेल्डचे बूड, कोरून काढायचे, पुन्हा भरायचे, आणि आत आलेला नळाचा काठ प्लेटशी समतल घासायचा. कारण वरच्या नोझलचा काठ आत उतरला तर चाचणीच्या वेळी हवा कोंडते आणि खालच्या नोझलचा काठ वर आला तर यंत्र थांबल्यावर त्याच्याभोवती पाणी साचून राहते. हे सर्व प्लेट सुटी असताना झाले तर झाले. एका ठिकाणी, नाव घेत नाही, नोझलच्या घडणी उशिरा आल्या म्हणून पेटी आधी बंद केली आणि नोझल मागाहून बसवले, एकाच बाजूने. बाहेरून वेल्ड आरशासारखे. पाण्याच्या दाबाची चाचणीसुद्धा पार पडली. मग गिऱ्हाईकाच्या तपासनिसाने नोझलमधून नळकांडी-दुर्बीण आत घातली, तेव्हा रूटला अर्ध्या परिघभर धातू मिळालाच नव्हता. पेटी तोवर भट्टीतून निघालेली. दुरुस्ती करायची तर पुन्हा भट्टी, पुन्हा फ्लँजच्या तोंडांची कातण, आणि नळ्या रोल केलेल्या असत्या तर त्याही काढाव्या लागल्या असत्या.

पुतणी : हा दोष सेट-इनचा नव्हे, क्रमाचा.

काका : मी तेच म्हणतो आहे. तुझ्या ड्रॉइंगवर वेल्डचा कोन आहे, रूटचा गॅप आहे, चाचण्यांची यादी आहे. आधी काय आणि मग काय, एवढेच नाही. ते कारखान्याने ठरवावे असे तुम्ही समजता. कारखाना ठरवतो, पण तो साहित्य ज्या दिवशी दारात येईल त्या हिशेबाने ठरवतो.

पुतणी : मग सेट-ऑनमध्ये क्रम चुकला तर?

काका : तरी रूट नोझलच्या भोकातून दिसते, आणि सहा इंचांच्या वरचे असेल तर हात घालून आतून घासताही येते. लहान आकारात नोझलची भिंत आतून थोडी जाड ठेवायची, वेल्ड करून झाले की ते भोक पूर्ण व्यासापर्यंत कातून काढायचे. रूटचा सारा गाळ त्या कातणीबरोबर निघून जातो. क्रम चुकला तरी दुरुस्तीला वाट राहते, एवढाच मी सेट-ऑनचा पक्ष घेतो. शक्तीच्या बाबतीत तू म्हणतेस ते मला अमान्य नाही.

येथपर्यंत आल्यावर दोघांच्याही ध्यानात आले की आपण ज्याच्यावर वाद घालीत आहोत तो प्रश्न मुळात आपल्याकडे येण्यापूर्वीच अर्धा बिघडलेला असतो. दोनशे मिलिमीटर रुंदीच्या पेटीवर सहा इंची नोझल बसवा असे सांगणारा मनुष्य यांपैकी कोणीच नव्हे; तो प्रक्रियेचा अभियंता, आणि त्याने ते सांगितले ते नळ्यांतील प्रवाहाच्या गणितावरून.

पुतणी : मानकात एक साधा नियम आहे. पेटीत आडव्या वाहणाऱ्या प्रवाहाचा वेग नोझलमधील वेगाहून अधिक असता कामा नये. तो पाळायचा तर एकतर पेटी रुंद करा किंवा नोझलांची संख्या वाढवा. पेटी रुंद केली की वरची प्लेट जाड करावी लागते, वजन वाढते, माचाही बळकट करावा लागतो. म्हणून प्रक्रियेचे लोक पेटी अरुंदच ठेवतात. आणि नोझल पेटीहून रुंद झाले की आमच्याकडे मागणी येते, खाली चौकोनी आणि वर गोल असा निमुळता दुवा करून द्या.

काका : तो दुवा म्हणजे पेटीवर चढवलेली दुसरी पेटी. चार सपाट बाजू, चार नवे कोपरे, आणि त्यांतला एकही कोपरा क्ष-किरणांनी धड तपासता येत नाही. सेट-ऑन की सेट-इन हा प्रश्न तेथे आठवतसुद्धा नाही. तेथे मी फक्त वेल्डर कोण आहे एवढे विचारतो.

पुतणी : आम्ही शक्य तेथे त्याऐवजी दोनाची तीन नोझल करतो.

काका : ते उत्तम. प्रवाहही नळ्यांत सारखा वाटला जातो.

यापुढे संभाषण फ्लँजकडे आणि तेथून घरगुती विषयांकडे वळले, ते येथे देण्याचे प्रयोजन नाही. परंतु लेखकाला स्वतःचे मत विचारले गेले होते आणि ते त्याने दिलेही, म्हणून ते येथे नमूद करतो. ओल्या गंधकयुक्त किंवा हायड्रोजनयुक्त माध्यमात सेट-इन आणि पूर्ण खोलीचे वेल्ड याखेरीज दुसरे काही स्वीकारू नये. तेथे प्लेटची उघडी कड प्रवाहाच्या हाती देणे म्हणजे ज्याची परतफेड कोणी करू शकत नाही असे कर्ज घेणे आहे. साध्या, कोरड्या, गंज न चढवणाऱ्या माध्यमात, प्लेट जाड आणि नोझलची भिंत तुलनेने पातळ असता, सेट-ऑन हीच शहाणपणाची रीत होय. तिच्यासाठी भोकाभोवतीचा पट्टा यूटीने तपासलेला असावा आणि नोझलची जाडी तक्त्यातील भाराला पुरेशी असावी. एवढे असले की तिला कमी प्रतीची समजून वेल्डरवर कितीतरी पट काम लादण्यात सामर्थ्याची वाढ थोडी आणि वाकड्या प्लेटीची वाढ फार, असा सौदा होतो. पेटीहून रुंद नोझलचा मसुदा मात्र प्रक्रियेच्या कार्यालयाकडे परत पाठवावा. तो परत पाठवण्याचा अधिकार अभिकल्पकाला असतो. तो क्वचितच वापरला जातो, आणि न वापरण्याचे कारण बहुधा अभियांत्रिकीचे नसते.

क्रमाविषयी काकांनी जे म्हटले त्यात मात्र कोणत्याही माध्यमाचा अपवाद नाही. साध्या पोलादासाठी भट्टीचे तपमान 595 अंश सेल्सियस आणि जाडीच्या दर पंचवीस मिलिमीटरांमागे साधारण एक तास, हे संहितेतून कोणालाही वाचता येते; परंतु भट्टीत जाण्यापूर्वी कोणत्या डोळ्यांनी काय पाहिलेले असावे हे संहिता ज्या बारकाईने सांगत नाही त्या बारकाईने ते खरेदीदाराने सांगावयास हवे. जे वाचक कूलर विकत घेण्याच्या, तपासण्याच्या किंवा मंजूर करण्याच्या कामावर आहेत त्यांना विनंती अशी की, हेडरच्या खरेदीच्या दस्तऐवजात दोन ओळी अवश्य घालाव्यात. पहिली, वरच्या व खालच्या प्लेटीवरील सर्व नोझलांचे वेल्ड, प्लेट सुटी असताना, आतल्या बाजूने रंगद्रव्याच्या किंवा चुंबकीय चाचणीने तपासून तपासनिसाची सही झाल्याखेरीज पेटीची शेवटची प्लेट टॅक करू नये. दुसरी, नोझलच्या घडणी उशिरा आल्यास पेटीचे काम थांबावे, आणि त्या विलंबाचा दंड कारखान्यावर लादू नये. दुसरी ओळ पहिलीइतकीच आवश्यक आहे, कारण विलंबाच्या दंडाची टांगती तलवार असताना पहिली ओळ कोणताही कारखाना पाळीत नाही. या ओळी कामाचा हुकूम देण्यापूर्वी लिहिल्या असतील तरच त्या बंधनकारक ठरतात. पेटी बंद झाल्यावर लिहिल्या तर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा यावर केवळ पत्रव्यवहार होतो.